घरच्या कामशाळेतील ग्राइंडर व पट्ट्याचे सँडर: वापर आणि खबरदारी

मृग जवळ आला की शेतावरील अवजारांची डागडुजी सुरू होते. खुरपी, विळे, कोयते, कुऱ्हाडी यांना धार लावणे, वखराची पास घासून नीट करणे, कुदळीस नवा दांडा बसविणे ही कामे पेरणीपूर्वी उरकावी लागतात. पूर्वी ही अवजारे लोहाराकडून शेवटून आणीत आणि दांडे सुतार तासून देई. आता पुष्कळ शेतकऱ्यांनी विहिरीवरील खोलीत अथवा घराच्या पडवीत विजेवर चालणारा ग्राइंडर बसविला आहे. काहींनी त्याच्या जोडीला काचकागदाच्या फिरत्या पट्ट्याचे यंत्र, म्हणजे बेल्ट सँडर, घेतले आहे. वेळेची बचत होते आणि ऐन हंगामात कोणाची वाट पाहावी लागत नाही, हा मोठाच लाभ होय.

परंतु ही यंत्रे मुळात कारखान्यातील आहेत. कारखान्यात त्यांच्यासाठी कायदा होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३० व्या कलमान्वये, जेथे ग्राइंडिंगचे काम चाले तेथे प्रत्येक यंत्राजवळ दगडाच्या कडेचा कमाल सुरक्षित वेग दर्शविणारी सूचना लावणे बंधनकारक करण्यात आले होते. यंत्र कारखान्यातून पडवीत आले, पण ती सूचना व तिची अंमलबजावणी पाहणारा निरीक्षक त्याच्याबरोबर आले नाहीत. पडवीत काम करणारा आणि त्यावर देखरेख करणारा शेतकरी एकच असतो. म्हणून प्रत्येक नियमामागचे कारण त्याला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दगडाचा वेग

बाकावर बसविण्याच्या सामान्य ग्राइंडरचा दगड ६ इंच, म्हणजे सुमारे १५० मिलिमीटर व्यासाचा असतो व तो मिनिटास सुमारे २,८५० फेरे घेतो. हिशेब केल्यास दगडाची कड सेकंदास सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटर वेगाने धावते असे दिसून येईल. फिरताना दगडाचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो. त्यास धरून ठेवणारा असतो तो केवळ कणांना जोडणारा चिकट पदार्थ. वेग दुप्पट झाला की दगड फोडू पाहणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ठरलेल्या वेगापेक्षा अधिक फेरे घेणाऱ्या मोटारीवर दगड चढविणे किंवा तडा गेलेला दगड वापरणे यात धोका किती, हे यावरून ध्यानात यावे. प्रत्येक दगडावर त्याचे कमाल फेरे छापलेले असतात. यंत्राच्या पाटीवरील फेरे त्याहून अधिक असता कामा नयेत.

दगडाची परीक्षा कानाने करावी. कुंभाराचे मडके घेताना बोटाने वाजवून पाहण्याची चाल सर्वांना माहीत आहे. ग्राइंडरचा दगडही तसाच वाजवावा. दगड कोरडा व स्वच्छ असावा. तो मधल्या भोकातून बोटावर अथवा खिळ्यावर अधांतरी धरून, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच टोला द्यावा. टोला दगडाच्या कडेपासून एक ते दोन इंच आत आणि उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस अर्ध्या काटकोनावर असावा. मग दगड थोडा फिरवून पुन्हा वाजवावा. चांगला दगड स्वच्छ, खणखणीत वाजतो. बद्द आवाज आला तर तो दगड कितीही नवा असो, वापरू नये. राळेने जोडलेल्या दगडाचा आवाज मातीत भाजलेल्या दगडाइतका खणखणीत नसतो, एवढे ध्यानी ठेवावे. हातून जमिनीवर पडलेला दगड पुन्हा वाजविल्याशिवाय चढवू नये, कारण डोळ्यांना न दिसणारा तडा आत असू शकतो.

दगड चढविताना त्याच्या दोन्ही अंगांस जाड कागदाची चकती असलीच पाहिजे. दगडावर चिकटविलेला तो गोल कागद केवळ नाव छापण्यासाठी आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो व तो खरवडून टाकला जातो. वस्तुतः लोखंडी चकत्यांचा दाब दगडावर सारखा पसरावा यासाठी तो असतो. दोन्ही लोखंडी चकत्या एकाच मापाच्या व दगडाच्या व्यासाच्या निदान एक तृतीयांश असाव्यात. डाव्या बाजूच्या दगडाचे आटे उलटे असतात, म्हणजे तेथील नट उलट्या दिशेने आवळला जातो. हे माहीत नसल्याने जोर लावून आटे मोडल्याची उदाहरणे कमी नाहीत. नट बेताने आवळावा. नवा दगड चढविल्यावर यंत्र चालू करून एक मिनिटभर बाजूस उभे राहावे. त्या मिनिटात दगडासमोर कोणीही असू नये. सदोष दगड बहुधा पहिल्या फेऱ्यांतच फुटतो.

टेकण व फट

ग्राइंडरपुढे वस्तू टेकविण्यासाठी जी लोखंडी पट्टी असते तिला येथे टेकण म्हटले आहे. टेकण व दगड यांतील फट ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा, अधिक असू नये. वरच्या कवचाची पुढे येणारी जीभ दगडापासून ६ मिलिमीटरच्या आत असावी. हे नियम सांगावयास सोपे, पण सर्वांत अधिक मोडले जाणारे आहेत. याचे कारण असे की दगड वापराने झिजतो, टेकण मात्र जागच्या जागी राहते. आज ३ मिलिमीटर असलेली फट महिन्याने बोटभर होते आणि ती वाढल्याचे रोज काम करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अशा फटीत खुरप्याचे पातळ पाते क्षणात ओढले जाते. पाते अडकले की दगड फुटतो किंवा पाते धरणारा हात दगडावर जातो. टेकण सरकविण्याचे काम यंत्र पूर्ण थांबल्यावरच करावे. बटण बंद केल्यानंतरही दगड बराच वेळ फिरत असतो.

दगडाच्या सपाट अंगावर कुऱ्हाड घासण्याची सवय वाईट आहे. साधा दगड कडेने घासण्यासाठीच घडविलेला असतो. बाजूचा दाब सोसण्याची ताकद त्यात नसते. पितळ व ॲल्युमिनियम या मऊ धातू दगडाची छिद्रे भरून टाकतात, मग दगड घासत नाही व शेतकरी अधिक जोर लावतो. असा गुळगुळीत झालेला दगड ड्रेसरने खरवडून मोकळा करावा. जोर लावून काम उरकत नाही, फक्त तापते.

तापण्याचा प्रश्न धारेशीही निगडित आहे. पात्याची कड निळसर झाली की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. मग त्या कडेस कितीही धार लावली तरी ती दोन सऱ्या खुरपेपर्यंतही टिकत नाही. यासाठी जवळ पाण्याचे भांडे ठेवून पाते वरचेवर बुडवावे व दगडावर हलकेच फिरवावे. दगड स्वतः पाण्यात उभा ठेवू नये. पाणी प्यालेली बाजू जड होऊन दगड डगमगू लागतो.

कपडे, हात व डोळे

उपरण्याचे टोक, धोतराचा सोगा, ओढणी, साडीचा पदर, मोकळे केस व मनगटातील गंडा यांपैकी काहीही फिरत्या दगडाजवळ असू नये. बाह्या कोपरावर गुंडाळाव्यात. हातमोज्यांविषयी बऱ्याच सुशिक्षितांचाही गैरसमज असतो. बाकावरच्या ग्राइंडरवर वा सँडरवर मोजे घालून काम करू नये. उघड्या बोटास दगड लागला तर कातडी सोलली जाते. मोजाचा धागा अडकला तर सगळा हात आत ओढला जातो.

डोळ्यांची गोष्ट विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण दगड क्वचित फुटतो पण कण रोज उडतो. ग्राइंडरवरील पारदर्शक पडदा पुरेसा नाही. दोन्ही बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्मा घालावाच, आणि नेहमीचा नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही. शेजारी उभे राहून विळा धरणाऱ्यासही तो हवा. पुष्कळ घरी चष्मा एकच असतो आणि मदतीस आलेला मुलगा उघड्या डोळ्यांनी ठिणग्यांकडे पाहत उभा असतो.

इतके करूनही कण गेलाच तर डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. धुऊन निघाला नाही तर तो लुगड्याच्या टोकाने, काडीने वा जिभेने काढण्याचा प्रयत्न गावातील कोणासही करू देऊ नये. बुबुळावर रुतलेल्या लोखंडाच्या कणाभोवती काही तासांतच गंज धरू लागतो, आणि खरवडलेल्या जागी जंतू वा बुरशी शिरून व्रण झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असल्यास बुरशीचा व्रण झपाट्याने वाढतो. कण वेगाने आत घुसला असेल तर कधी कधी दुखतही नाही, थोडे धूसर दिसते इतकेच. आत राहिलेले लोखंड डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करते. अशा वेळी डोळा धुऊ नये व दाबू नये. कागदी पेल्यासारखे काही तरी, डोळ्यास न टेकता, वरून बांधावे आणि नेत्रतज्ज्ञ असेल अशा रुग्णालयात त्याच दिवशी पोचावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी असे जवळचे रुग्णालय कोणते, ते आधीच विचारून ठेवावे.

पट्ट्याचे सँडर

बाभळीचा दांडा गुळगुळीत करण्यास हे यंत्र उत्तम. पट्ट्याच्या आतल्या बाजूस बाण छापलेला असतो. रूळ ज्या दिशेने फिरतात त्या दिशेनेच तो असावा, नाहीतर पट्ट्याचा सांधा उकलतो. पट्टा चढविल्यावर तो प्रथम हाताने फिरवून रुळांच्या मधोमध चालतो की नाही ते पाहावे. कड फाटलेला पट्टा शिवून वा चिकटवून वापरू नये. लाकूड टेकणावर घट्ट धरावे व दांड्याचे तोकडे तुकडे बोटांनी धरून घासू नयेत. पात्यास या यंत्रावर धार लावावयाची तर पट्टा पात्याच्या पाठीकडून धारेकडे जाईल असे पाते धरावे. उलट धरल्यास धार पट्ट्यात रुतते व पाते हातातून उडते.

या यंत्राचा खरा धोका आगीचा आहे. सकाळी त्यावर दांडा घासला आणि दुपारी त्याच पट्ट्यावर कोयता धरला, तर आतील लाकडाच्या भुकटीत लोखंडाच्या ठिणग्या पडतात. भुकटी लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहते, आणि माणूस जेवावयास गेल्यावर पेट घेते. म्हणून लाकडाकडून लोखंडाकडे वळताना यंत्र बंद करून आतील सगळी भुकटी काढून टाकावी. लाकडाच्या बारीक धुळीस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले आहे. नाकातोंडावर नुसता रुमाल न बांधता धूळ अडविणारा मास्क लावावा व काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे.

हातात धरावयाचा ग्राइंडर

४ इंची हँड ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेतो. त्याच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावते. त्याचे गार्ड पहिल्याच आठवड्यात काढून माळ्यावर टाकण्याची प्रथा पडली आहे, ती मोठी चकती बसविता यावी म्हणून. ७ इंची चकती त्यावर बसविली तर कडेचा वेग सेकंदास १०० मीटरच्या वर जातो. अशा चकत्या बहुधा ८० मीटरपर्यंतच सोसण्यासाठी बनविलेल्या असतात. लाकूड कापण्यासाठी त्यावर दातेरी पाते लावणे याहून घातक आहे. दाते अडकताच यंत्र उसळून कापणाऱ्याच्याच मांडीवर वा तोंडावर येते. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदत छापलेली असल्यास ती पाहावी. ओलीत पडलेली चकती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

जागा व वीज

गोठा, कडब्याची गंज, डिझेलचे डबे यांपासून ही यंत्रे दूर असावीत. यंत्रास अर्थिंग हवेच. शिवाय ३० मिलिॲंपिअरची गळती होताच वीज तोडणारा स्वीच बसवून घ्यावा. काम चालू असता वीज गेली तर प्रथम यंत्राचे बटण बंद करावे. हे विसरले जाते, आणि रात्री केव्हा तरी पुरवठा सुरू होताच अंधारात, कोणी नसताना, दगड फिरू लागतो. लहान मुले असलेल्या घरी काम संपताच पिन काढून ठेवावी. शेवटची ठिणगी पडल्यानंतर निदान अर्ध्या तासाने पुन्हा येऊन जमीन, कोपरे व यंत्राखालची भुकटी हाताने चाचपून पाहावी आणि मगच खोलीस कुलूप लावावे.