लेकीचा वाटा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही नुकतेच शाळेतून निवृत्त झालो होतो. गावातल्या एका शेतकऱ्याचे तेरावे होते. जेवणे झाली. थोरल्या मुलाने आम्हांला साक्षीसाठी बोलावले. ओसरीवर एक कागद होता. शेजारी शाईची डबी होती. सासरहून आलेली बहीण अंगठा पुढे करून बसली होती.

आम्ही विचारले, "बाई, कागदात काय लिहिलंय ते ठाऊक आहे का?"

ती म्हणाली, "नाही गुरुजी. आबांचं नाव कमी करायचं हाय, त्याला सगळ्यांचे अंगठे लागतात, असं दादा म्हणाला."

आम्ही कागद मोठ्याने वाचला. वडिलांच्या मिळकतीत आपला हक्क नाही व पुढे कधी मागणार नाही, असे त्यात तिच्या नावाने लिहिले होते. तिने हात मागे घेतला. ओसरीवर कोणी बोलेना.

त्या बाईचा हक्क होता की नव्हता? होता. तो किती होता, हे आज आपण समजून घेऊ.

पूर्वी काय होते?

पूर्वी मुलगा असेल तर मुलीला बापाच्या जमिनीत वाटा नसे. विधवेला १९३७ च्या कायद्याने वाटा मिळाला, पण तो हयातीपुरता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री असताना त्यांनी हिंदू कोड बिलासाठी फार झटापट केली. ते बिल अडून राहिले. १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याचे हेही एक मोठे कारण होते. पुढे १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. त्याने लेकीला वारस केले.

हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना लागतो. मुसलमान, ख्रिस्ती व पारशी यांचे नियम वेगळे आहेत. आदिवासी जमातींनाही हा कायदा सहसा लागत नाही.

बापाने स्वतः कमावलेली मिळकत

माणूस मृत्युपत्र करून गेला असेल, तर स्वतःच्या कमाईची मिळकत त्यात लिहिल्याप्रमाणे जाते. मृत्युपत्र नसेल तर कायदा वाटणी सांगतो. विधवा बायको, मुलगे, मुली आणि मयताची आई, या सर्वांना सारखा वाटा. मुलाला मोठा व मुलीला लहान, असे नाही.

समजा, एका शेतकऱ्याने आठ एकर जमीन विकत घेतली. तो वारला. मागे बायको, दोन मुलगे व एक मुलगी. वारस चार झाले. प्रत्येकाला दोन एकर.

आता समजा, त्याची म्हातारी आईही हयात आहे. मग वारस पाच. आठ एकर म्हणजे ३२० गुंठे. त्याचे पाच वाटे केले की ६४ गुंठे येतात. म्हणजे प्रत्येकी १ एकर २४ गुंठे.

मुलगी बापाआधीच वारली असेल तर? तिचा वाटा बुडत नाही. तो तिच्या मुलामुलींना मिळतो.

वडिलोपार्जित मिळकत

आजा-पणजापासून चालत आलेल्या एकत्र कुटुंबाच्या जमिनीत पूर्वी फक्त मुलग्यांना जन्माने हक्क असे. महाराष्ट्रात १९९४ साली तो अविवाहित मुलींना मिळाला. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात सर्व मुलींना मिळाला, लग्न झालेले असो वा नसो. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री मोडता येत नाहीत.

बापाला अशा जमिनीत फक्त आपल्या वाट्याचे मृत्युपत्र करता येते. लेकीचा वाटा त्याला दुसऱ्याला देता येत नाही.

लोक काय म्हणतात?

कोणी म्हणतात, "लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा." हे खरे नाही. लग्नाचा खर्च वाट्यात धरत नाहीत. आणि हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे.

कोणी म्हणतात, "दिल्या घरची झाली, आता तिचं इथं काय?" सासरी गेल्याने बाप बदलत नाही. हक्कही बदलत नाही.

कोणी म्हणतात, "सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, म्हणजे हक्क नाही." हेही चूक. सातबाऱ्यावर नाव नसले म्हणून हक्क जात नाही. पण नाव नसले की पुढे भांडण व खर्च वाढतो. म्हणून नाव वेळेवर लावून घ्यावे.

काय करावे?

मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यावी. मृत्यूचा दाखला जोडावा. अर्जात सर्व वारसांची नावे आहेत ना, हे स्वतः वाचून पाहावे. नंतर फेरफार नोंदतात व नोटीस निघते. नाव सुटले असेल तर त्याच वेळी लेखी हरकत घ्यावी. जमिनीचे तुकडे करायलाच हवेत असे नाही. सर्वांची नावे सामाईक लावता येतात.

बहिणीला आपखुशीने हक्क सोडायचा असेल तर ती सोडू शकते. त्यासाठी हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे लागते. एकदा नोंदले की ते सहजी मागे घेता येत नाही. म्हणून घाई करू नये. कोऱ्या कागदावर तर सही-अंगठा कधीच देऊ नये.

वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तेथे स्त्रियांना वकिलाची मदत फुकट मिळते. उत्पन्न किती, हे त्यासाठी पाहत नाहीत.

त्या घराचे पुढे काय झाले?

त्या दिवशी अंगठा उठला नाही. दोन दिवस घरात अबोला होता. मग बहीणच म्हणाली, "दादा, जमीन तूच कस. मला बांध घालायचा नाही. पण आबांची लेक म्हणून माझं नाव राहू दे." थोरला खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "चुकलं माझं." आईचे, दोघा भावांचे व बहिणीचे, अशी चार नावे लागली. दिवाळीला ती भाऊबिजेला आली, तशी आजही येते.

पुढे ती गावातल्या रात्रीच्या वर्गात बसून सही शिकली. तुम्हीही आता वाचू लागला आहात. कागद पुढे आला की आधी वाचा, मगच सही करा.

हिशेब करा

एका माणसाची स्वकमाईची सहा एकर जमीन आहे. मृत्युपत्र नाही. मागे आई, बायको, एक मुलगा व एक विवाहित मुलगी आहे. मुलीला किती एकर मिळेल? (उत्तर : दीड एकर)