गारगोटीची शीर आणि धातूचा शोध

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातील केज तालुक्याचे एक गाव. तेथे किंवा बालाघाटच्या पठारावर इतरत्र विहीर खणताना काळ्या पाषाणातून पांढरे, चकाकणारे दगड निघतात. कधी ते पाषाणाच्या भेगेत पट्टीसारखे बसलेले असतात. असा दगड हाती आला की प्रश्न पडतोच: यात एखादा धातू असेल का? आपल्याकडे खाण निघेल का? ज्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांना दरवर्षी ऊसतोडणीसाठी घर सोडावे लागते, तेथे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधू या.

खडकाच्या भेगेत खनिजे साचून जी पट्टी तयार होते तिला शीर म्हणतात. धातूची शीर कशी बनते? जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर शिलारस थंड होत असतो. त्याच्या आसपासचे पाणी कित्येकशे अंशांपर्यंत तापते. प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेथे तर दाब शेकडो वातावरणांचा असतो. असे क्षारयुक्त, तप्त पाणी धातूंची संयुगे विरघळवून घेते आणि भेगांतून वर चढते. वर येताना तापमान व दाब कमी होतात. पाक निवला की साखरेचे खडे धरतात, तशी मग खनिजे भेगेच्या भिंतींवर साचू लागतात. सर्वाधिक साचते ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. तिच्याबरोबर टंगस्टन, तांबे, जस्त अशा अनेक धातूंची खनिजे थोडीथोडी उतरतात. अशा शिरेला बहुधातुक शीर म्हणतात.

याचे आपल्या राज्यातील उदाहरण नागपूर जिल्ह्यात आहे. कुही, खोबना आणि आगरगाव यांच्या पट्ट्यात साकोली गटाचे, शंभर कोटी वर्षांहून जुने खडक आहेत. त्यांतील गारगोटीच्या शिरांत वुल्फ्रॅमाइट व शीलाइट ही टंगस्टनची खनिजे आढळतात. सोबत तांब्याचे कॅल्कोपायराइटही असते. नागपूर जिल्ह्यातील वुल्फ्रॅमाइटची माहिती एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या पट्ट्याचा तपशीलवार शोध घेतला.

असा शोध कसा घेतात? आधी ओढ्यानाल्यांची वाळू थाळ्यात धुतात. गारगोटीची सापेक्ष घनता २.६५, तर वुल्फ्रॅमाइटची ७ हून अधिक. त्यामुळे हलकी वाळू वाहून जाते आणि जड कण तळाशी उरतात. हे कण मिळत जातील तसे प्रवाहाच्या उलट दिशेने चालत गेले की शिरेचा माग लागतो. शीलाइट दिवसा साध्या गारगोटीसारखे दिसते. पण अंधारात त्यावर अतिनील किरण टाकले की ते निळसर पांढरे चमकते. नंतर चर खणतात, छिद्रे पाडून खोलवरचे नमुने काढतात आणि त्यांचे रासायनिक पृथक्करण करतात.

या पृथक्करणात कुही विभागात टंगस्टन ऑक्साइडचे प्रमाण ०.०१ ते ०.१९ टक्के, तर खोबना विभागात ०.१३ ते ०.३८ टक्के आढळले. हिशेब करून पाहा. खोबन्याचा एक टन, म्हणजे १,००० किलो, दगड फोडून दळला तर त्यात १.३ ते ३.८ किलो टंगस्टन ऑक्साइड असते. उरलेला सारा दगडाचा चुरा! धातू सापडणे आणि तो काढणे परवडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही हा शोध महत्त्वाचा आहे, कारण भारताची टंगस्टनची गरज मुख्यतः आयातीवर भागते. बीडच्या कोरड्या रानात बोअर घेणाऱ्या यंत्राच्या टोकावर जी कठीण बटणे असतात, तीही टंगस्टन कार्बाइडचीच!

आता नांदूरघाटकडे वळू. येथला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट. त्याच्या पोकळ्यांतून आणि भेगांतून उष्ण पाणी फिरले खरे. पण त्याने खडकातून मुख्यतः सिलिका, कॅल्शियम व सोडियम यांसारखे पदार्थ उचलले. म्हणून येथे गारगोटी, कॅल्साइट आणि झिओलाइट मिळतात. तुमच्या विहिरीतली पांढरी पट्टी शीरच आहे, पण बहुधा धातूची नाही.

मग बेसॉल्टच्या खाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र पाडण्यात आले. त्यात बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर भरली. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग अतिप्राचीन स्फटिकी खडक लागले. बीडखालच्या प्राचीन खडकांतही शिरा असू शकतील. परंतु वरच्या जाड आवरणामुळे नाल्याची वाळू किंवा अतिनील दिवा त्यांचा पत्ता सांगू शकणार नाही. तेथे गुरुत्व, चुंबकत्व व विद्युत्‌रोध यांची मोजमापे आणि खोल छिद्रे यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

तोपर्यंत एक प्रयोग करा. सापडलेला दगड दोऱ्याने ताणकाट्याला बांधून हवेत तोला, मग तो पूर्ण पाण्यात बुडवून तोला. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागा. हवेत २६५ ग्रॅम आणि पाण्यात १६५ ग्रॅम भरले, तर २६५ भागिले १००, म्हणजे २.६५, ती गारगोटी असू शकेल. कॅल्साइटची घनता २.७१, म्हणजे अगदी जवळची. म्हणून आणखी दोन कसोट्या लावा. गारगोटी काचेवर ओरखडा काढते, कॅल्साइट काढत नाही. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ते फसफसते. ही चाचणी मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच करावी. उत्तर ४ च्या वर आले, तर मोजणी पुन्हा करा. तरीही तेच आले, तर दगड कोठे, किती खोलीवर मिळाला हे लिहून ठेवा आणि तो आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.