भाडेकरार एआय लिहील, नोंदणी घरमालकानेच करायची

कल्याण : राहायचं मुरबाड-शहापूरला आणि भाड्याच्या खोल्या ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीत, असं असलं की भाड्याची आठवण, गळतीच्या तक्रारी, करार संपायची तारीख यात वेळ जातोच. चॅटजीपीटी, जेमिनीसारखी एआय साधनं इथे कामाला येतात. मराठीत सांगितलं की भाडेकरूसाठी हिंदी मेसेज, भाडं-डिपॉझिटचा तक्ता, कराराचा कच्चा मसुदा काही मिनिटांत तयार होतो.

मात्र, ‘करार ११ महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ असं उत्तर मिळालं तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, जबाबदारी घरमालकाची. चुकल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणंच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.

म्हणून मसुदा एआयकडून घ्या, पण नीट वाचा आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन नोंदवा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या; त्याचं आधार कार्ड मात्र एआयवर टाकू नका.