शाळा सोडल्याचं कारण

नाताळच्या अंकासाठी वसईतल्या एखाद्या चर्चवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. चर्चवर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मी आवारातल्या मराठी प्राथमिक शाळेत डोकावलो आणि तिथंच अडकलो.

इतिहास उरकून टाकतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. राज्यं बदलली, सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती घरांनी धर्मही राखला आणि मराठीही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनमधली मिस्सा मराठीत आली. चर्चला लागून शाळा, ही तर या पट्ट्यातली रीतच. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालच्या अशाच मराठी शाळेत शिकले.

मला धरून ठेवलं ते जनरल रजिस्टरनं. नाव, आईचं नाव, धर्म-जात, मातृभाषा, जन्मतारीख आधी अंकी मग अक्षरी, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण, शेरा. शाळेला लिपिक नाही. मुख्याध्यापिका बाई मधल्या सुट्टीत स्वतः नोंदी करतात. चुकलं तर खोडायचं नाही, पांढरी शाई तर मुळीच नाही. एक आडवी रेघ, शेजारी सही.

मी बसलो असताना साठी उलटलेले एक गृहस्थ दाखल्याची दुय्यम प्रत मागायला आले.

“काका, आळी कुठली? आणि आईचं नाव?”

नुसत्या नावावर भागत नाही. एकाच संताचं नाव, एकच आडनाव अशी तीन-तीन मुलं एका वर्गात असायची. बाईंचं बोट पान भरभर उतरत गेलं आणि आईच्या नावापाशी थांबलं. जन्मतारीख चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीवरून घेतलेली, वडिलांचा धंदा बागायत. काकांनी चष्मा लावून स्वतःची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, “वर्तणूक चांगली लिहिलंय हो!”

मी मात्र कारणाच्या रकान्यात गुंतलो. जुन्या पानांवर ‘पुढील शिक्षणासाठी’ किंवा ‘घरकाम’. अलीकडच्या पानांवर तेच ते: ‘इंग्रजी माध्यमात प्रवेश’. पहिलीच्या वर्गात आता वाडीतल्या मुलांपेक्षा चाळींतली, नव्या इमारतींच्या कामावरच्या मजुरांची मुलं जास्त. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी ही पोरं डिसेंबरपर्यंत मराठीत भांडू लागतात. बाईंच्या दृष्टीनं तीच खरी परीक्षा, आणि मला ती पटली.

अडचण पटाची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबानं ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. म्हणजे चार इयत्ता आणि दोन बाई, असं झालं की एकीनं पहिली-दुसरीला एकत्र बसवायचं, दुसरीनं तिसरी-चौथीला. शिवाय शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला मूल वर्गात बसलेलं दिसून भागत नाही, त्याचं आधार जुळावं लागतं. रजिस्टरात ‘डिसोजा’, आधारवर ‘डिसोझा’, की ते मूल अडकलं. मजुरांच्या काही मुलांकडे आधारच नसतं. ते काढावं तर जन्माचा दाखला गावी राहिलेला. बाईंची निम्मी दुपार त्यात जाते.

पद गेलंच तर धर्मग्रामाच्या पैशातून मानधनावर एक शिक्षिका ठेवायची, असं इथल्या चर्चचे फादर म्हणतात. पैसा लोकांचाच, आणि लोक देतीलही. रविवारी मराठी मिस्सेला बसायला जागा नसते. गायनवृंदात तरुण पोरं आहेत. त्यांतल्या काहींना मराठी गीतं रोमन लिपीत लिहून द्यावी लागतात, हे मला गायनवृंदाच्या बाजाच्या पेटीवरचा कागद पाहून कळलं. ज्या समाजानं लॅटिनच्या काळातही घरात मराठी टिकवली, त्याच्या हातून ती आता सुटावी, याचा मला रागच आला.

बाईंना राग परवडत नाही. मे महिन्यात त्या प्रवेशासाठी आळीआळीनं फिरतात. घरोघरी आग्रहानं चहा होतो, कारण घरातल्या आईला किंवा बापाला मुळाक्षरं त्यांनीच गिरवायला लावलेली. मूल कुठल्या शाळेत घालणार, हे विचारलं की तेच विद्यार्थी मान खाली घालून म्हणतात, “बाई, तुम्हाला तर माहीतच आहे.”