विदूषक माशांस नव्या टाकीत कसे रुळवावे?

किनारपट्टीवरील कुटुंबांस शोभिवंत माशांचे संगोपन हा एक चांगला जोडधंदा होऊ शकतो. गोड्या पाण्यातील गप्पी व मॉली हे मासे बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. खाऱ्या पाण्यातील माशांस भाव अधिक मिळतो. परंतु ते अधिक नाजूक असतात. त्यांपैकी घरगुती संगोपनास सर्वांत सोयीचा म्हणजे नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा, अर्थात क्लाउनफिश. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतील मंडपम् व केरळातील विळिंजम येथील आपल्या केंद्रांत या माशांच्या अनेक जातींचे प्रजनन यशस्वी करून दाखविले आहे. त्यामुळे प्रवाळांच्या रांगांतून मासे पकडून आणण्याची गरज उरलेली नाही. बीज केंद्रातून लहान पिल्ले आणावीत, काही महिने वाढवावीत व विकावीत, एवढाच हा धंदा आहे.

या धंद्यातील सर्वांत मोठे नुकसान पहिल्या आठवड्यात होते. पिल्ले पिशवीत टवटवीत दिसतात, टाकीत सोडली जातात आणि दोन-तीन दिवसांत एकेक करून मरतात. अशा वेळी बीज निकृष्ट होते असे म्हणण्याचा प्रघात आहे. पुष्कळदा दोष बीजाचा नसून स्थलांतराच्या रीतीचा असतो. ही रीत नीट समजून घेतल्यास बचत गटाचे भांडवल वाया जाणार नाही.

मासा का दमतो?

खुल्या समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तातील क्षार याच्या सुमारे एक-तृतीयांश असतात. यामुळे माशाच्या शरीरातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. लोणच्याच्या फोडींना मीठ लावले असता त्यांना पाणी सुटते, तसाच हा प्रकार आहे. ही तूट भरून काढण्यासाठी समुद्रातील मासा खारे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे बाहेर टाकतो. हे काम अहोरात्र चालते व त्यास शक्ती लागते.

जाळीत धरणे, पिशवीत कोंडणे, प्रवासातील हिसके, अंधारातून एकदम उजेडात येणे, यांपैकी प्रत्येक गोष्टीने मासा भेदरतो. भेदरलेल्या माशाच्या कल्ल्यांवाटे पाणी अधिक वेगाने निघून जाते व त्याची रोगप्रतिकारशक्ती मंदावते. अशा स्थितीत पाण्याची लवणता एकाएकी बदलली तर दुबळ्या झालेल्या शरीरावर दुहेरी भार पडतो. लवणता कमी होणे मासा काही प्रमाणात सोसतो. एकाएकी वाढणे त्यास फार जड जाते.

पिशवीतील घाण

लांबच्या प्रवासात दुसरा एक धोका असतो. माशाच्या श्वासोच्छ्वासामुळे पिशवीत कार्बन डायऑक्साइड वायू साठतो व पाण्याचा सामू उतरतो. माशाने टाकलेला अमोनियाही त्याच पाण्यात साठतो. परंतु सामू कमी असेपर्यंत त्याचे विष सौम्य असते. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया काही मिनिटांत तीव्र विषारी बनतो.

म्हणून पिशवी उघडून तिच्यात थेंबथेंब नवे पाणी घालीत तास-दीड तास बसण्याची रीत लांबून आलेल्या माशांस हितकर नाही. प्रवास तास-दोन तासांचाच असेल तर ती चालते. मासे बारा-चोवीस तास पिशवीत असतील, तर लवणतेतील बदल सावकाश व्हावा, परंतु घाणीतून सुटका त्वरित व्हावी. या दोन्ही गोष्टी एकदम साधण्याचा उपाय सोपा आहे: मासा नव्या पाण्यास जुळवून घेण्याआधी आपण टाकीचे पाणी माशाच्या पाण्यास जुळवून ठेवावे.

आगाऊ तयारी

बीज केंद्राकडे दूरध्वनीवरून तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: त्यांच्या पाण्याची लवणता किती, उष्णतामान किती आणि पिल्लांना कोणते खाद्य देतात. त्यानुसार १०० लिटरची एक स्वतंत्र टाकी तयार ठेवावी. बाजारातून आणलेला बैल काही दिवस वेगळा बांधतात, त्याच हेतूने ही टाकी मुख्य टाक्यांपासून अलग असावी. तिची जाळी व बादलीही वेगळी असावी.

समजा, बीज केंद्राची लवणता हजारी ३० आहे व आपले साठविलेले समुद्राचे पाणी हजारी ३५ आहे. १०० लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे १७ लिटर गोडे पाणी मिसळले असता लवणता ३० होते. नळाचे पाणी वापरावयाचे झाल्यास त्यातील क्लोरीन पूर्णपणे निघून गेले असल्याची खात्री करावी. मिश्रण रात्रभर हवेच्या पंपाने ढवळू द्यावे व सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने लवणता तपासावी. जिभेवर चव घेऊन केलेला अंदाज उपयोगी नाही.

टाकीतील गाळणी जुनी व मुरलेली असावी. माशाचा अमोनिया पचविणारे उपयुक्त जीवाणू नव्या टाकीत स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. याकरिता चालू असलेल्या निरोगी टाकीतील गाळणीचा थोडा स्पंज नव्या टाकीत आधीच घालावा. लपण्यासाठी स्वच्छ कौलाचे किंवा मडक्याचे तुकडे ठेवावेत. बीज केंद्रात वाढलेल्या पिल्लांना समुद्रफुलाची गरज नसते. आडोसा मात्र हवा असतो.

मासे सोडण्याची रीत

१. खोलीतील दिवे मंद करावेत. बंद पिशवी टाकीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांचे उष्णतामान सारखे होईल. २६ ते २८ अंश सेल्सियस हे उष्णतामान योग्य होय.

२. पिशवी उघडताच तिच्यातील लवणता चटकन तपासावी. ती टाकीशी जुळत असल्यास पिल्ले लहान भांड्याने अलगद उचलून टाकीत सोडावीत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

३. पहिल्या दिवशी दिवे लावू नयेत व खाद्य देऊ नये. दुसऱ्या दिवशी आर्टेमिया किंवा बीज केंद्रातील ओळखीचे खाद्य अगदी थोडे द्यावे. उरलेले खाद्य लगेच काढून टाकावे.

४. पिल्ले खाऊ लागल्यावरच लवणता वाढविण्यास प्रारंभ करावा व ती दिवसाला हजारी एकहून अधिक वाढवू नये. वरील उदाहरणात पहिल्या दिवशी टाकीतील २० लिटर पाणी काढून तितकेच ३५ लवणतेचे पाणी घातल्यास लवणता ३१ होते. दुसऱ्या दिवशी २५ लिटर व तिसऱ्या दिवशी ३३ लिटर बदलल्यास ती ३३ वर येते. तेथे थांबले तरी चालते.

५. चार आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्ले मुख्य टाकीत नेऊ नयेत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग याच काळात प्रकट होण्याचा संभव असतो.

त्रासाची लक्षणे

पर मिटून एका कोपऱ्यात राहणे, रंग फिका पडणे, कल्ले जलद हलणे, पृष्ठभागावर येऊन हापापणे, कौलाच्या तुकड्यास अंग घासणे व खाद्याकडे पाठ फिरविणे ही त्रासाची लक्षणे होत. ती दिसताच औषध ओतण्याची घाई करू नये. प्रथम पंप चालू आहे काय ते पाहावे. नंतर उष्णतामान, लवणता व अमोनिया या क्रमाने तपासणी करावी. अमोनिया आढळल्यास टाकीतील चौथा हिस्सा पाणी त्याच लवणतेच्या व त्याच उष्णतामानाच्या स्वच्छ पाण्याने बदलावे. सगळे पाणी एकदम बदलणे म्हणजे माशास पुन्हा एकदा स्थलांतर घडविणे होय.

एखाद्याच पिल्लाचे पर फाटलेले दिसल्यास कारण पाण्यात नसून सोबत्यांत असते. विदूषक माशांच्या समूहात सर्वांत मोठी मादी, तिच्या खालोखाल नर आणि बाकीचे दुय्यम अशी उतरंड असते. यास्तव सारख्या आकाराची पिल्ले एकत्र ठेवावीत व मार खाणारे पिल्लू वेगळे करावे.

उन्हाळा व पावसाळा

उन्हाळ्यात टाकीतील पाणी आटते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानेच करावी. खाऱ्या पाण्याने केल्यास लवणता दिवसेंदिवस चढत जाते. पावसाळ्यात याच्या उलट अडचण येते. खाडीचे पाणी गोडसर व गढूळ होऊन संगोपनास निरुपयोगी ठरते. त्यामुळे जूनपूर्वीच मोठ्या भरतीचे स्वच्छ पाणी गाळून झाकलेल्या, अंधाऱ्या टाकीत पुरेसे साठवावे. वीज खंडित झाल्यास चालेल असा बॅटरीवरील हवेचा पंपही त्यापूर्वीच घेऊन ठेवावा.

ग्रामसेवकांनी व मत्स्य विस्तार कार्यकर्त्यांनी पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच संगोपकाच्या घरी जाऊन टाकीची लवणता प्रत्यक्ष मोजावी. लवणता जुळत नसेल, तर पिल्ले दोन दिवस उशिरा मागवावीत. प्रत्येक टाकीजवळ एक वही टांगून तीत रोजची लवणता, उष्णतामान, खाद्य व मर यांची नोंद संगोपकाकडून करवून घ्यावी. मर झाल्यास तिचे कारण त्या नोंदींवरून शोधता येईल आणि पुढील खेपेस तीच चूक टाळता येईल.