दोनशे पस्तीस आणि तीस

मतांचं गणित : लेखांक 9

मागच्या लेखांकात आपण अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलायनात थांबलो होतो. 1936 च्या निवडणुकीत तिथे फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 98 टक्क्यांहून जास्त मतं पडली. आकडा वाचून डोळे विस्फारतात. पण राज्याची लोकसंख्या होती 17 लाखांच्या वर, आणि मतदान झालं सव्वा लाखाच्या आत. चाळीस टक्क्यांहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. मतदान कर, साक्षरतेची चाचणी आणि फक्त गोऱ्यांसाठी राखलेली पक्षांतर्गत निवडणूक, अशा चाळण्या लावून त्यांना बाहेर ठेवलं होतं. गरीब गोरेही त्याच चाळण्यांत अडकत. रिपब्लिकन पक्ष तर तिथे नावालाच उरला होता. राज्य रूझवेल्ट यांच्या पाठीशी होतं हे खरंच; पण ‘राज्य’ म्हणजे कोण, हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

आज हाच प्रश्न घेऊन कोलकात्याला जाऊ. आपल्याकडची माणसं कोलकात्यात उतरतात ती हावड्याला. मुंबई मेल काय, गीतांजली काय, बहुतेक गाड्या तिथेच संपतात. सियालदह हे दुसरं मोठं स्टेशन बहुतेक मराठी प्रवाशांच्या खिजगणतीतही नसतं. ऑगस्ट 2025 पासून मात्र हुगळीच्या खालून जाणारी मेट्रो हावड्याहून दहा-बारा मिनिटांत सियालदहला सोडते, तेव्हा आता सबब उरलेली नाही. बाहेर आलात की एका हाताला उड्डाणपूल आणि त्याच्या पोटात खच्चून भरलेली दुकानं, दुसरीकडे कोले मार्केटातली भाजीची पोती आणि ती डोक्यावरून वाहणारे हमाल. आत फलाटांवर बनगाव, राणाघाट, कृष्णनगर, कॅनिंग, डायमंड हार्बर अशा पाट्यांच्या लोकल. पश्चिम बंगालच्या राजकारणात ज्या ज्या वेळी एखाद्या पक्षाचा सुपडा साफ झाला, त्या त्या वेळी त्याची खूण या लोकलच्या मार्गांवर कुठे ना कुठे सापडते.

फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येणारे निर्वासित इथेच उतरत. 1950 च्या दंग्यांनंतर तर फलाटांवर संसार मांडले गेले. महिनोन्महिने माणसं तिथेच शिजवत, तिथेच झोपत, कॉलऱ्याने तिथेच मरत. मग दक्षिणेकडच्या लोकलच्या मार्गावर, ढाकुरियाच्या पुढे, जादवपूर-बाघाजतीनच्या पट्ट्यात पडीक जमिनी ताब्यात घेऊन त्यांनी वसाहती उभ्या केल्या. सरकार म्हणत होतं, ही अतिक्रमणं. कम्युनिस्ट म्हणत होते, ही घरं. 1950 साली निर्वासितांची संयुक्त केंद्रीय परिषद स्थापन झाली, तिची सूत्रं डाव्यांकडे राहिली आणि काँग्रेसवर रागावलेला हा मतदार पुढे कित्येक वर्षं डाव्यांचा झाला. बंगालमधल्या डाव्यांची ताकद नुसती शेतातून आणि गिरणीतून आली असं समजणाऱ्यांनी सियालदहचा फलाट विसरू नये.

आता आकडे. 1971 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विधानसभेत 113 आमदार होते. 1972 साली उरले 14. काँग्रेसला 280 पैकी 216 जागा मिळाल्या आणि सिद्धार्थ शंकर राय मुख्यमंत्री झाले. वर्षभरात बंगाली माणसाने डाव्यांना एवढं झिडकारलं? मतं पाहिली तर मार्क्सवादी पक्ष सुमारे 33 टक्क्यांवरून सुमारे 27 टक्क्यांवर आला होता. मतं सहाएक टक्क्यांनी घटली आणि आमदार मात्र आठातले सात गेले. एक कारण साधं होतं. त्या वेळी काँग्रेस आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष (भाकप) एकत्र लढले, त्यामुळे विरोधातली मतं फुटली नाहीत. दुसरं कारण वादाचं. बूथ ताब्यात घेतले, मतदारांना हुसकावलं, आमचे कार्यकर्ते आपापल्या वस्तीत पायसुद्धा ठेवू शकले नाहीत, असा मार्क्सवाद्यांचा आरोप होता. बारानगरमध्ये ज्योती बसूंनी मतदानाच्या दिवशीच लढतीतून अंग काढून घेतलं आणि ते हरले. पक्षाने पुढे पाच वर्षं त्या विधानसभेवर बहिष्कार टाकला. त्या आरोपातलं सगळंच खरं धरायची गरज नाही. पण 49 टक्के मतांवर 216 जागा, आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या भाकपच्या 35 जागाही सरकारच्याच बाजूला, असा कौल पाहिल्यावर जो डोळे मिटून ‘लोकांनी ठरवलं’ म्हणतो, त्याला साउथ कॅरोलायनाची आठवण करून द्यावी.

1977 ची गोष्ट मला याहून रंजक वाटते. आणीबाणी उठली होती, केंद्रात जनता पक्ष आला होता. बंगालमध्येही आता आपलीच सत्ता, असं जनता पक्षाच्या नेत्यांनी गृहीत धरलं. डाव्यांना स्वतःच्या बळाची खात्री नव्हती. त्यांनी जनता पक्षाला निम्म्याहून अधिक जागा देऊ केल्या, त्या पक्षाच्या प्रफुल्लचंद्र सेन यांना मुख्यमंत्री मानायचीही तयारी दाखवली. जनता पक्षाला त्याहून जास्त हवं होतं. बोलणी फिसकटली. डावे नाइलाजाने एकटे लढले आणि 294 पैकी 231 जागा घेऊन बसले. मतं किती? सुमारे 46 टक्के. काँग्रेस आणि जनता या दोघांची मिळून मतं सुमारे 43 टक्के, जागा मात्र 49. म्हणजे जनता पक्षाने देऊ केलेल्या जागा मुकाट्याने घेतल्या असत्या, तर ज्योती बसू कदाचित उपमुख्यमंत्री झाले असते. ते त्यापूर्वी 1967 आणि 1969 च्या सरकारांत झालेही होतेच. त्याऐवजी ते 23 वर्षं मुख्यमंत्री राहिले आणि डावी आघाडी 34 वर्षं सत्तेत. हाव कुणाची आणि फळं कुणाला!

या लाटेच्या पोटात एक वाईट गोष्टही आहे. फलाटावरच्या सगळ्याच निर्वासितांना जादवपूर मिळालं नाही. जे खालच्या जातींचे, ज्यांच्यापाशी ना ओळख ना पैसा, त्यांना सरकारने बंगालबाहेर दंडकारण्यात पाठवलं. आपल्या गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली बोलणारी गावं दिसतात, तीही याच पांगापांगीतून वसलेली. विरोधात असताना डावे म्हणत, या लोकांना बंगालमध्येच वसवा. त्यांची सत्ता आल्यावर 1978 साली हजारो कुटुंबं दंडकारण्यातली घरं मोडून निघाली, हसनाबादमार्गे सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर पोचली. जानेवारी 1979 मध्ये सरकारने बेटाची नाकेबंदी केली, अन्न-पाणी तोडलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि मे महिन्यात बेट रिकामं केलं. मेलेल्यांच्या आकड्यावर आजही वाद आहे. 231 आमदारांच्या सरकारला विधानसभेत यावरून हलवेल असं कुणी नव्हतं. प्रचंड बहुमताचा पहिला फटका बहुतेक वेळा अशांनाच बसतो, ज्यांनी ते बहुमत मोठ्या आशेने पाहिलं होतं.

बरं, एवढी डावी लाट असताना खुद्द सियालदह मतदारसंघ कुणाचा होता? काँग्रेसचा! सोमेन मित्र, अवघ्या उत्तर कोलकात्याचे ‘छोड़दा’, 1972 साली इथून निवडून आले. 1977 साली जागा गेली, पण 1982 ते 2006 पर्यंत सलग सहा वेळा ते पुन्हा जिंकले. राज्यात डावे दोनशेच्या आसपास किंवा वर आणि सियालदहला काँग्रेसचा आमदार, हे चित्र पंचवीस वर्षं राहिलं. अॅमहर्स्ट स्ट्रीटवरची त्यांची कालीपूजा प्रसिद्ध होती. लोकांच्या दारात उठबस असलेला नेता आणि बाजारपेठेतला मतदार, एवढ्या भांडवलावर हे बेट टिकलं. राज्याच्या नकाशावर एक रंग फासून मोकळं होणाऱ्यांना अशी बेटं दिसत नाहीत. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि 2011 पासून सियालदह नावाचा मतदारसंघच उरला नाही, शेजारच्या मतदारसंघांत त्याचे तुकडे गेले. सोमेनबाबू त्याआधीच तृणमूलमध्ये गेले होते. 2009 साली ते लोकसभेवर निवडून आले ते डायमंड हार्बरहून, म्हणजे सियालदहच्या लोकलच्या शेवटच्या टोकाहून.

आता शीर्षकाकडे. 2006 साली डाव्यांना 235 जागा मिळाल्या, तृणमूलला 30. सिंगूरला कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीवरून विरोध सुरू झाला तेव्हा मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य, एरवी अतिशय सुसंस्कृत गृहस्थ, बोलून गेले की आम्ही 235 आहोत आणि ते 30. बंगालमध्ये हे वाक्य अजून कुणी विसरलेलं नाही. आकड्यांचा अर्थ न लावता आकडे फेकले की काय होतं, याचा हा नमुना आहे. कारण ते 30 म्हणजे राज्यातली जवळपास 27 टक्के मतं होती. काँग्रेसच्या 21 जागांमागे आणखी सुमारे 15 टक्के. दोघांची बेरीज 41 टक्क्यांच्या थोडी वर. ते वेगवेगळे लढले म्हणून त्यांच्या 51 जागा आल्या, इतकंच.

मार्च 2007 मध्ये नंदीग्रामला जमिनीच्याच वादात पोलिसांच्या गोळ्यांनी 14 माणसं मेली. 2008 च्या पंचायत निवडणुकीत दक्षिण चोवीस परगण्याची जिल्हा परिषद तृणमूलकडे गेली. हा जिल्हा म्हणजे सियालदहच्या दक्षिण विभागाचा सगळा प्रदेश. पहाटेच्या कॅनिंग लोकलने शेकडो बायका शहरात धुणीभांडी, स्वयंपाक करायला येतात. त्या गाडीला शहरातले लोक ‘झी लोकल’ म्हणून हिणवतात, म्हणजे मोलकरणींची गाडी. 2009 साली रेल्वेमंत्री झालेल्या तृणमूलच्या ममता बॅनर्जींनी पहिल्याच अर्थसंकल्पात ‘इज्जत’ पास आणला. महिन्याला 1500 रुपयांपर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगाराला 100 किलोमीटरपर्यंत महिनाभराचा प्रवास 25 रुपयांत. योजना देशभरासाठी होती. पण सियालदहच्या फलाटावर तिचा अर्थ काय झाला असेल, ते सांगायला निवडणूक-पंडित नको. कारखाना हवा की जमीन, या वादात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या हातात कुणीतरी पास ठेवला होता.

2011 साली तृणमूल आणि काँग्रेस एकत्र लढले. आघाडीला 48 टक्क्यांच्या आसपास मतं आणि 227 जागा मिळाल्या. डाव्यांना 41 टक्के मतं आणि 62 जागा. हे दोन 41 शेजारी ठेवून पाहा. 2006 साली विरोधकांची 41 टक्के मतं म्हणजे 51 जागा, 2011 साली डाव्यांची 41 टक्के मतं म्हणजे 62. साऱ्या जगाने ‘डाव्यांचं पानिपत’ म्हटलं, त्या दिवशीही दहातले चार बंगाली डाव्यांबरोबर होते. आणि ज्या जादवपूरमध्ये निर्वासितांच्या वसाहतींनी डाव्यांना दशकानुदशकं सांभाळलं, तिथेच बुद्धदेवबाबू हरले. हरवणारे मनीष गुप्त कोण, तर त्यांच्याच सरकारचे माजी मुख्य सचिव.

2021 साली तृणमूलला 48 टक्के मतांवर 213 जागा आणि भाजपला 38 टक्क्यांवर 77. डावे आणि काँग्रेस दोघेही शून्य. त्यावर पुष्कळ लिहून झालंय, इथे जास्त बोलत नाही. एवढंच लक्षात घ्या की 34 वर्षं राज्य केलेल्या आघाडीचा एकही आमदार नसलेली विधानसभा तिथल्या लोकांनी पाहिली, तेव्हाही डाव्यांना मत देणारे लाखो लोक राज्यात राहत होते.

आपल्याकडे वेगळं नाही. 2024 च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 30 जागा आणि महायुतीला 17, पण मतांतला फरक अगदी नखाएवढा. सहा महिन्यांत विधानसभेला महायुती 230 च्या घरात. दोन्ही वेळा ‘जनतेने धडा शिकवला’ असेच मथळे होते, फक्त धडा घेणारे बदलले.

याचा अर्थ सगळे मोठे विजय खोटे असतात असा नाही. 1964 च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात बॅरी गोल्डवॉटर यांना 87 टक्के मतं पडली, तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीयांपैकी शंभरात सातांचीही मतदार म्हणून नोंद नव्हती. 1965 च्या मताधिकार कायद्यानंतर दोन-तीन वर्षांत ती नोंद साठाच्या घरात गेली, आणि गोऱ्यांनी एकगठ्ठा ठरवावं नि राज्याने ऐकावं हे दिवस सरत गेले. म्हणून माझ्या लेखी मोठ्या विजयाची पहिली कसोटी विजेत्याचा आकडा नव्हे. यादीत कुणाचं नाव नाही, बूथपर्यंत कोण पोचू शकलं नाही आणि हरलेल्यांची मतं किती घरांत फुटली, हे आधी पाहावं. 1972 चा बंगाल पहिल्या दोन प्रश्नांवरच संशयास्पद ठरतो. 1977 आणि 2011 मात्र खरे कौल होते; जागांनी ते फुगवून दाखवले एवढंच.

पुढच्या लेखांकात मतविभागणीकडे सविस्तर वळू. तोवर वाचकांनी एक काम करावं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक मतदारसंघाचा ‘फॉर्म 20’ असतो, त्यात मतदान केंद्रानुसार मतं दिलेली असतात. आपलं केंद्र शोधा, आपल्या मतदारसंघातला हरलेला उमेदवार तिथे किती मतांवर होता ते पाहा आणि आम्हाला कळवा.