ब्रिक्सचा आकडा आणि बिअरचा मद्यांश

कोल्हापूरचं कळंबा मागे टाकून गारगोटी रस्त्याला लागलं की ऊस आला, आणि ऊस आला की ब्रिक्सची भाषा आलीच. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, १८-२० दिसलं की ऊस तयार. त्यातून समज रुजला की ब्रिक्स म्हणजे साखर. वास्तविक तो आकडा रसात विरघळलेल्या सगळ्यांचा मिळून असतो: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, आम्लं. तोडून ठेवलेला ऊस वाळू लागला की पाणी उडून ब्रिक्स चढतंसुद्धा. पण आत सुक्रोज फुटत असतं आणि गुऱ्हाळावर त्या रसाचा गूळ धड बसत नाही.

घरगुती बिअरच्या मद्यांशाबद्दलचे गैरसमज याच मुळातून येतात: उपकरणाचा आकडा म्हणजेच आपल्याला हवी ती गोष्ट, असं मानण्यातून. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, अमेरिका-इंग्लंडमध्ये स्वतःपुरती करायला मुभा आहे.) हायड्रोमीटर मद्यांश दाखवतो, हा पहिला गैरसमज. तो फक्त घनता दाखवतो. आंबवण्यापूर्वी १.०५० आणि नंतर १.०१० भरली, तर फरकाला १३१ ने गुणून सव्वापाच टक्क्यांच्या आसपास मद्यांश निघतो. म्हणजे तो मोजलेला नसतो, किती साखर खर्ची पडली यावरून काढलेला असतो. सुरुवातीची नोंद घ्यायची राहून गेली तर नुसत्या शेवटच्या आकड्यावरून काहीच सांगता येत नाही. दुसरा गैरसमज असा की १.०१० वर आकडा थांबला म्हणजे आंबणं अर्धवट राहिलं. माल्टमधली डेक्स्ट्रिन्स बिअरच्या यीस्टला सहसा पचत नाहीत, ती घनता धरून ठेवतात. उसाच्या रसाचं तसं नाही; त्यातली साखर जवळजवळ सगळी संपते आणि अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्याने घनता १.००० च्या खालीही जाते.

मग शेतातला रिफ्रॅक्टोमीटरच शेवटी का वापरू नये? कारण अल्कोहोलही प्रकाश वाकवतं. वरच्याच बिअरची शेवटची घनता अडीच ब्रिक्सच्या आसपास भरत असताना तो साडेपाच-सहा दाखवतो, आणि चांगली आंबलेली बिअर कच्ची ठरते. सुरुवातीचं ब्रिक्स धरून दुरुस्तीचं सूत्र लावलं, तरच तो आकडा उपयोगी.

कुणी म्हणेल, एवढ्या काटेकोरपणाची गरज काय? अंदाजापुरतं सूत्र पुरतंच. पण २० अंशांवर बेतलेला हायड्रोमीटर कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ३० अंशांच्या द्रवात बुडवला, तर घनता सुमारे ०.००३ कमी दिसते. दोन्ही मापं त्याच तापमानाला घेतली तर चूक बरीचशी कटते. एकच गरम असेल तर मद्यांशात टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त फरक पडतो. खात्रीचा आकडा हवा असेल तर प्रयोगशाळेची रीत वेगळी आहे: ठरावीक नमुना ऊर्ध्वपातनाने गाळायचा, गाळलेल्या द्रवात पाणी घालून मूळ आकारमान भरून काढायचं आणि मग घनता बघायची. आता भांड्यात पाणी आणि अल्कोहोल एवढंच उरलेलं असतं, त्यामुळे तक्त्यातून मद्यांश थेट वाचता येतो.